पाहुणा मनात कोणते चित्र घेऊन येतो? खान्देशातील यजमानांसाठी मार्गदर्शन

खोली तीच, स्वयंपाक तोच आणि घाटरस्ताही तोच. तरीही एक कुटुंब मुक्काम दोन दिवसांनी वाढवते आणि दुसरे कुटुंब दुसऱ्याच दिवशी सकाळी बॅगा भरते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत होमस्टे, कृषी पर्यटन केंद्र किंवा छोटे हॉटेल चालवणाऱ्या बहुतेकांनी हे पाहिलेले असते. अशा वेळी "पुण्या-मुंबईचे लोक असेच" असे म्हणून मोकळे होणे सोपे असते, परंतु त्यातून पुढच्या पाहुण्यासाठी काहीच हाती लागत नाही. दोन्ही कुटुंबे घरून निघताना मनात जे चित्र घेऊन आली होती ते वेगळे होते, आणि इथला प्रत्येक अनुभव ती त्या चित्राशी ताडून पाहत होती, हे लक्षात घेतले तर मात्र यजमानाला करण्यासारखे बरेच काही दिसू लागते.

ग्राहकाच्या समाधानाविषयी रिचर्ड ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने १९८० मध्ये मांडलेले प्रारूप पर्यटनाच्या अभ्यासातही सर्रास वापरले जाते. त्याचा आशय असा, की माणूस आधी अपेक्षा बांधतो, नंतर अनुभव घेतो आणि मग दोहोंतील अंतरावरून समाधानी किंवा नाराज होतो. यावरून काही जण घाईने असा निष्कर्ष काढतात, की अपेक्षा मुद्दाम कमी ठेवाव्यात म्हणजे पाहुणा आपोआप खूश होईल. हा सल्ला मला पटत नाही. एक तर अपेक्षाच नसेल तर पाहुणा खान्देशात येणारच नाही, तो लोणावळ्याला जाईल. दुसरे असे, की मनातील चांगले चित्र प्रत्यक्ष अनुभवालाही थोडा रंग देते. चित्र आणि वास्तव यांतील फरक लहान असेल तर मन तो स्वतःच भरून काढते आणि पाहुणा "एवढे तेवढे चालायचेच" असे म्हणतो. फरक मोठा असेल तर तेच मन तो आहे त्याहून मोठा करून दाखवते आणि चादरीवरची एक सुरकुतीही तक्रारीत जाऊन बसते. म्हणून यजमानाने चित्र फिके करण्याच्या किंवा भडक करण्याच्या मागे न लागता ते नेमके करावे. ऋतू, रस्ता, अंतर, चव आणि उणीव या पाच बाबतींत तरी पाहुण्याच्या मनातले चित्र प्रत्यक्षाशी जुळले पाहिजे.

आधी चित्र विचारून घ्यावे

शार्लट एख्टनर आणि ब्रेंट रिची या अभ्यासकांनी १९९३ मध्ये पर्यटनस्थळाची प्रतिमा मोजण्यासाठी तीन मोकळे प्रश्न वापरले होते. ते विद्यापीठापुरतेच ठेवण्याचे कारण नाही. बुकिंगचा फोन आला असता ते बोलण्याच्या ओघात सहज विचारता येतात. "खान्देश म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येते?" हा पहिला. "इथे आल्यावर कसे वाटावे असे मनात आहे, शांत निवांत की जत्रेसारखे?" हा दुसरा. "आवर्जून काय पाहायचे किंवा खायचे ठरवले आहे?" हा तिसरा. पहिल्या प्रश्नातून माहिती कळते, दुसऱ्यातून भावना आणि तिसऱ्यातून असा एखादा हट्ट, की तो पुरा झाला नाही तर बाकी सगळे फुकट जाते. उत्तरे पाहुण्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावीत. आपल्या शब्दांत लिहिली की त्यात आपले चित्र मिसळते.

उत्तरे बहुधा ठरलेली येतात: केळी, सोने, शेवभाजी, भरीत, ऊन आणि "जळगावला उतरून अजिंठ्याला जातात ना?" एवढेच. परंतु अधूनमधून वेगळे उत्तर येते आणि तेच महत्त्वाचे असते. एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या मनात अंमळनेर म्हणजे साने गुरुजी ज्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते ते गाव असते, किंवा आसोदा म्हणजे बहिणाबाईंचे माहेर असते. अशा पाहुण्याला धरणाच्या भिंतीवर नेऊन सूर्यास्त दाखवला तर तो आभार मानेल, पण समाधानी होणार नाही.

हे चित्र आले कोठून?

क्लेअर गन या अभ्यासकाने १९७२ मध्ये प्रतिमेचे दोन उगम सांगितले. एक आपसूक, म्हणजे नातेवाईक, शाळेची पुस्तके, बातम्या आणि गप्पा यांतून वर्षानुवर्षे साचत गेलेला. दुसरा घडवलेला, म्हणजे जाहिराती, पत्रके आणि संकेतस्थळे यांतून आलेला. खान्देशापुरता विचार केला तर घडवलेली प्रतिमा अगदी पातळ आहे आणि आपसूक प्रतिमा फार घट्ट आहे. ही घट्ट प्रतिमा मे महिन्यात तयार होते, असे माझे मत आहे. मुंबई, पुणे, नाशिक आणि सुरत येथे स्थायिक झालेली खान्देशी कुटुंबे गावाकडे येतात ती लग्नसराईत, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा मुलांच्या उन्हाळी सुट्टीत. त्या दिवसांत भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि मुले कूलरसमोरून हलत नाहीत. परत गेल्यावर हीच मंडळी शेजारी आणि कचेरीत जे सांगतात त्यातून शहरातल्या माणसाच्या मनातला खान्देश तयार होतो. मार्गशीर्षातले भरीत, श्रावणातला कानबाईचा उत्सव, पावसाळ्यानंतरचा हिरवा सातपुडा त्यांच्या बोलण्यात येत नाही, कारण त्या वेळी ते इथे नसतात.

या प्रतिमेवर महागड्या जाहिरातीने फारसा परिणाम होत नाही. ज्यांच्या तोंडून ती पसरते त्यांनाच दुसऱ्या ऋतूत बोलवावे लागते. यजमानाने आपल्या बाहेरगावच्या नातेवाइकांना आणि त्यांच्या मित्रांना डिसेंबर-जानेवारीत शेतातल्या भरीत पार्टीचे आमंत्रण द्यावे, पहिल्या वर्षी माफक दर लावावा आणि त्यांनी काढलेले फोटो त्यांनाच पसरवू द्यावेत. मावसभावाने व्हॉट्सॲपवर टाकलेल्या चार ओळींवर लोक जितका विश्वास ठेवतात तितका कोणत्याही फलकावर ठेवत नाहीत. आणि मे महिन्यात कोणी येणारच असेल तर त्याला खरे सांगावे: सकाळी नऊपर्यंत आणि सायंकाळी सहानंतर फिरणे, मधल्या वेळी पन्हे, झोप आणि पत्ते. असा दिवस आधीच ठरवून आलेला पाहुणा उन्हाची तक्रार करत नाही. ती करतो तो, ज्याने दुपारच्या दोन वाजता किल्ला चढण्याचा बेत आखलेला असतो.

उसने नाव टाळावे

तोरणमाळला अनेक जण "खान्देशचे महाबळेश्वर" म्हणतात. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हे दोन शब्द यजमानाचे नुकसान करतात. महाबळेश्वर म्हटले की पाहुण्याच्या मनात बाजारपेठ, स्ट्रॉबेरी क्रीम, घोडेसवारी, रांगेने हॉटेले आणि रात्री दहापर्यंतची वर्दळ उभी राहते. तोरणमाळला यांतले काही शोधायला आलेला माणूस पहिल्या तासातच हिरमुसतो. समुद्रसपाटीपासून १,००० मीटरांहून अधिक उंचीवरील सातपुड्याचे पठार, यशवंत तलाव, सीताखाईची दरी, गोरक्षनाथांचे मंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा हे सगळे त्याच्या समोर असते, पण तो ते पाहत नाही. जे नाही ते मोजत बसतो. उसने नाव घेतले की उसन्या अपेक्षाही घ्याव्या लागतात आणि त्या आपल्याला फेडता येत नाहीत.

प्रकाशा गावाला "दक्षिण काशी" म्हणतात, ते मात्र मला खटकत नाही. तापी आणि गोमाई यांच्या संगमावर केदारेश्वराच्या दर्शनाला येणारा भाविक वाराणसीचे घाट शोधत नसतो, तो पुण्य शोधत असतो, आणि ते मोजण्याचे माप त्याच्याकडेच असते. सहलीला आलेल्या माणसाला त्याच नावाने बोलावले तर मात्र तोरणमाळचीच गत होईल.

बुकिंग पक्के झाले की पाहुण्याला एक सविस्तर संदेश पाठवावा. तोरणमाळच्या यजमानाने हिवाळ्यात तो साधारण असा लिहावा:

"नमस्कार. आपण शनिवारी तोरणमाळला येत आहात. शहाद्यापासून अंतर सुमारे ५० किलोमीटर असून शेवटचा टप्पा घाटाचा आहे, त्यामुळे अंधार पडण्यापूर्वी वर पोहोचावे. गाडीत इंधन शहाद्यातच भरून घ्यावे आणि रोख रक्कम सोबत ठेवावी. वर मोबाईलला रेंज भरवशाची नाही. येथे खरेदीची बाजारपेठ किंवा मुलांची खेळणी नाहीत. तलावाचा काठ, सीताखाई, मंदिर आणि जंगलातली पायवाट एवढेच आहे, आणि त्यासाठीच लोक येतात. सीताखाईचा धबधबा पावसाळ्यात असतो. आता दरी दिसेल, पाणी दिसणार नाही. रात्री थंडी पडते, मुलांसाठी स्वेटर आणावेत. जेवण साधे व गरम असेल. तिखट कितपत चालते ते आजच कळवावे, म्हणजे तसा बेत करता येईल."

असा संदेश वाचून एखादे बुकिंग रद्द होते. ते रद्द होऊ द्यावे. रद्द झालेल्या बुकिंगने एका रात्रीचे भाडे जाते. चुकीचे चित्र घेऊन आलेला पाहुणा जो रिव्ह्यू लिहून जातो तो वर्षभर प्रत्येक नव्या माणसाच्या नजरेस पडतो.

कोणत्या ठिकाणी काय आधी सांगावे

अजिंठ्याची लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत, पण जळगावहून ती सुमारे ६० किलोमीटरांवर असल्याने रेल्वेने येणारे अनेक पाहुणे जळगावातच मुक्काम करतात. त्यांच्या मनातली चित्रे कॅलेंडरवरून आणि पुस्तकांवरून आलेली असतात: झगझगीत प्रकाशात टिपलेला पद्मपाणी, त्याच्या हातातले निळे कमळ. प्रत्यक्षात लेणी क्रमांक १ मध्ये रंग जपण्यासाठी उजेड मंद ठेवलेला असतो, फ्लॅश वापरण्यास बंदी असते आणि उन्हातून आत शिरल्यावर पहिली काही मिनिटे काहीच नीट दिसत नाही. नेमक्या या मिनिटांत घाईचा पाहुणा "एवढेच का?" म्हणून बाहेर पडतो. त्याला आदल्या रात्री जेवताना सांगून ठेवावे, की आत गेल्यावर भिंतीकडे धावू नये, मध्यभागी थांबावे, डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि मग डावीकडून सुरुवात करावी. चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ ही लेणी निवांत पाहावीत, बाकीची त्यानंतर. सोमवारी लेणी बंद असतात, फर्दापूरजवळ खासगी वाहन सोडून पुढे बसने जावे लागते, आणि वेरूळ तेथून जवळपास १०० किलोमीटर दूर आहे, हेही सांगावे. शेवटची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते, कारण "अजिंठा-वेरूळ" हा शब्द आपण जोडशब्दासारखा वापरतो आणि दोन्ही लेणी एकमेकींना लागून असतील अशी समजूत त्यातूनच होते.

अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी हे वेळेच्या अपेक्षेचे उत्तम उदाहरण आहे. शहरातला माणूस होळी म्हटली की संध्याकाळ धरतो. काठीची होळी पहाटे पेटते. त्याआधी रात्रभर ढोल, बासरी आणि नाच चालतो आणि दूरदूरच्या पाड्यांवरून लोक येत राहतात. हे ठाऊक नसलेला पाहुणा रात्री नऊपासून "कधी पेटणार?" असे विचारत राहतो, अकरा वाजता कंटाळतो आणि गाडीत जाऊन झोपतो. हे ठाऊक असलेला पाहुणा दुपारी झोप काढून येतो, सोबत शाल आणतो आणि त्याच रात्रीला आयुष्यातली मोठी रात्र म्हणतो. काठीत दोघांसमोर घडलेले सारखेच असते.

चाळीसगावजवळील पाटणादेवीचा भाग भास्कराचार्यांच्या नावाशी जोडला जातो. १११४ साली जन्मलेल्या या गणितज्ञाच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद तेथील पाटण गावच्या शिलालेखात आहे. हे वाचून येणाऱ्याला संग्रहालय, पुतळे आणि माहितीचे फलक यांची अपेक्षा असते. त्याला भेटते देवीचे हेमाडपंती मंदिर, गौताळ्याचे जंगल आणि डोंगरातून येणारे पाणी. येथे उणीव भरून काढता येते, परंतु त्यासाठी गोष्ट सांगणारे माणूस सोबत द्यावे लागते. गावातला गणिताचा शिक्षक किंवा महाविद्यालयातला चुणचुणीत मुलगा तासभर बरोबर फिरला आणि त्याने मंदिराच्या ओट्यावर बसून भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातले एखादे उदाहरण सोडवून दाखवले, तर पाहुण्याला फलकांची आठवणही होत नाही.

इतर ठिकाणांविषयी थोडक्यात: सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजारात आलेल्यांना धुळीची आणि गर्दीची कल्पना द्यावी, व राहण्याची सोय आगाऊ करावी. पद्मालयाला एकाच गाभाऱ्यात उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती आहेत हे सांगावे, मात्र तळ्यात प्रत्येक महिन्यात कमळे फुललेली असतील असे सांगू नये. उनपदेव नावाचे गरम पाण्याचे झरे चोपडा आणि शहादा अशा दोन तालुक्यांत आहेत. गूगल मॅपवर चुकीचे निवडले तर अर्धा दिवस जातो, म्हणून ठिकाणाची लिंक आपणच पाठवावी.

एक गोष्ट मात्र मुद्दाम न सांगता ठेवावी. अडचणी सगळ्या सांगाव्यात, आनंद एखादा राखून ठेवावा. जळगावच्या जैन हिल्सवरील गांधी तीर्थ हे २०१२ मध्ये सुरू झालेले संग्रहालय अनेक पाहुण्यांच्या यादीत नसते. त्यांच्या मनात त्याचे कोणतेही चित्र नसते, त्यामुळे अपेक्षाभंगाची शक्यताच राहत नाही. परतीच्या गाडीआधी मोकळी दुपार मिळाली की "चला, एक ठिकाण दाखवतो" एवढेच म्हणून तिथे न्यावे.

ताटातले चित्र

खान्देशात येणाऱ्याची सर्वांत ठाम अपेक्षा भरिताविषयी असते आणि गैरसमजही तिथेच सर्वाधिक असतात. शहरातल्या माणसाला जांभळे वांगे, वर कांदा-टोमॅटोची फोडणी आणि सोबत पोळी एवढेच ठाऊक असते. इकडचे भरताचे वांगे हिरवट-पांढरे आणि मोठे असते, त्यात बिया कमी असतात. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ते शेतात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांच्या जाळावर भाजतात. साल काळी पडून तडकते, आतून पाणी सुटते आणि धूर गराला धरतो. मग ते सोलून लाकडी बडगीत हिरवी मिरची आणि लसणासह ठेचतात, त्यात कांद्याची पात आणि शेंगदाणे घालतात, वरून तेलाची फोडणी देतात. टोमॅटो नसतो. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली भाकरी किंवा पुरी असते. हे सगळे तयार ताटात आणून ठेवले तर पाहुणा चव घेऊन "वेगळे आहे" म्हणतो, आणि त्या शब्दाचा अर्थ चांगला असतोच असे नाही. त्याला जाळापाशी बसवले, वांगे उलटायला सांगितले, बडगीत दोन घाव घालू दिले तर मनातले जुने चित्र ताट येण्याआधीच बदललेले असते आणि तो नव्या चित्राशी चव ताडून पाहतो. म्हणून भरीत वाढण्यापूर्वी दाखवावे, हा माझा आग्रह आहे.

ऋतूचेही तसेच आहे. चंपाषष्ठीनंतर थंडीत जे वांगे मिळते ते जूनमध्ये मिळत नाही. जूनमध्ये भरिताचा हट्ट धरणाऱ्याला कोणतेही वांगे भाजून देण्यापेक्षा खापरावरचे पुरणाचे मांडे, डुबुक वडे किंवा पातोड्यांची रस्साभाजी करून घालावी आणि भरताचा हंगाम सांगून ठेवावा. तिखटाच्या बाबतीत यजमानाच्या अंदाजावर विसंबू नये, कारण खान्देशी "मध्यम" आणि पुणेरी "मध्यम" यांत मोठे अंतर आहे. शेवभाजीचा रस्सा दोन वाट्यांत वेगळा काढावा: एक आपला नेहमीचा, एक सौम्य. घरात लहान मूल आलेले असेल तर घट्ट वरण न विचारता करावे.

माणसांविषयीचे चित्र

प्रतिमेला माहितीची बाजू असते तशी भावनेचीही असते, आणि बहुधा भावनेची बाजू अधिक काळ टिकते. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजाविषयी शहरातून येणाऱ्यांच्या मनात जे चित्र असते ते बरेचदा दिनदर्शिकेतील छायाचित्रासारखे सपाट असते: दागिने, नाच, ढोल. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात अशी मंडळी कॅमेरा रोखून शिरतात, समोरची मुलगी तोंड फिरवते, तिचा भाऊ दोन शब्द सुनावतो आणि पाहुणा "लोक तुसडे आहेत" असे मत घेऊन परततो. हे टाळणे यजमानाच्याच हाती आहे. बाजारात जाण्यापूर्वी सांगावे, की हा प्रयोग नाही, वर्षाची खरेदी आणि सोयऱ्यांची भेट आहे. आधी काहीतरी विकत घ्यावे, बोलावे, मग विचारून फोटो काढावा. नंदुरबारजवळच्या मिरचीच्या पथारींनाही, म्हणजे मिरची वाळत घालण्याच्या जागांनाही, हेच लागू होते. ड्रोनमधून तो लाल गालिचा सुंदर दिसतो, पण खाली उतरल्यावर ठसका लागतो, डोळे चुरचुरतात, आणि तिथे बायामाणसे रोजंदारीवर काम करत असतात. मालकाची परवानगी आपण आधी घ्यावी, पाहुण्याला रुमाल द्यावा आणि दहा मिनिटांत बाहेर आणावे.

बोलण्याविषयीही एक सूचना. आपले "काय भो, कधी आला?" हे प्रेमाचे असते, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते उद्धट वाटू शकते. नोकरमाणसांना अहिराणी सोडून द्यायला सांगू नये. पाहुण्यालाच पहिल्या चहाबरोबर दोन-चार शब्द शिकवावेत. दुसऱ्या दिवशी तोच "भो" म्हणून हाक मारू लागतो.

अंतर पडलेच तर

सगळे सांगूनही अंतर पडते. वीज जाते, घाटात दरड येते, ज्या देवळासाठी माणूस आला ते दुरुस्तीसाठी बंद असते. पाहुण्याचा चेहरा उतरला की यजमानाने आधी अंतर मान्य करावे: "तुम्ही धबधब्यासाठी आलात आणि पाणी नाही, हे मला दिसते आहे." यानंतर कारण सांगावे, मग पर्याय. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी कारणे आली, तर पाहुण्याला ती सबब वाटते. पर्यायही त्याच्या चित्राच्या जातीचा असावा. पाण्यासाठी आलेल्याला तलावाचा काठ किंवा संगम दाखवावा, किल्ला नव्हे. शांततेसाठी आलेल्याला बाजार दाखवू नये. यासाठीच बुकिंगच्या वेळची ती वही हाताशी लागते.

वहीतून काय शिकावे

वहीत प्रत्येक कुटुंबासाठी एक पान ठेवावे. वरच्या अर्ध्या भागात त्यांनी फोनवर आणि आल्या-आल्या सांगितलेल्या अपेक्षा, खालच्या अर्ध्या भागात निघतानाचे बोलणे. अपेक्षा शेवटी विचारू नयेत, कारण अनुभव आला की माणूस आधी आपल्याला काय वाटत होते तेही बदलून सांगतो. निघताना "कसे वाटले?" असे विचारल्यास "छान" एवढेच उत्तर येते. त्यापेक्षा "तुम्हाला वाटले होते त्याहून काय वेगळे निघाले?" असे विचारावे आणि गप्प राहावे.

हंगाम संपल्यावर ही पाने घेऊन बसावे आणि जॉन मार्टिला व जॉन जेम्स यांनी १९७७ मध्ये सुचवलेली साधी चौकट आखावी. एका बाजूला पाहुण्यांना किती महत्त्वाचे, दुसऱ्या बाजूला आपण किती चांगले. जे त्यांना महत्त्वाचे आणि आपल्याकडे कच्चे, तिथे पैसा घालावा. जे त्यांना बिनमहत्त्वाचे आणि आपण उत्तम करतो, तिथला खर्च कमी करावा. खान्देशातील होमस्टेमध्ये या चौकटीत बहुधा एकच विसंगती दिसते: दिवाणखान्याच्या झुंबरावर आणि प्रवेशद्वाराच्या कमानीवर खर्च झालेला असतो, आणि स्वच्छ, कोरड्या, पाण्याची खात्री असलेल्या स्वच्छतागृहावर झालेला नसतो. पाहुण्यांच्या पानांवर कमानीचा उल्लेख क्वचित सापडतो.

२००८ मध्ये क्रिस्टिना ची आणि हायलिन चू यांनी अमेरिकेतील युरेका स्प्रिंग्ज या गावातील पर्यटकांचा जो अभ्यास केला, त्यात स्थळाच्या प्रतिमेचा समाधानावर आणि समाधानाचा पुढील निष्ठेवर परिणाम होतो असे आढळले. ही निष्ठा दोन प्रकारची असते: स्वतः पुन्हा येणे आणि इतरांना सुचवणे. खान्देशच्या यजमानाने दुसरीवर अधिक भर द्यावा असे मला वाटते, कारण मुंबईचा पाहुणा दरवर्षी तोरणमाळला येणार नाही, पण तो दरवर्षी दहा जणांना सांगू शकतो. त्याने काय सांगावे हे आपण पढवू नये, मात्र सांगण्यासाठी काही हाती द्यावे: कोणत्या महिन्यात काय पाहावे याचे एक पानी वेळापत्रक, बिबड्यांचे किंवा कुरडयांचे पाकीट, आणि हिशेब. हिशेब आदल्या रात्रीच चुकता करून घ्यावा. सकाळच्या घाईत बिलातल्या एका चहावरून झालेला वाद हाच शेवटचा अनुभव म्हणून लक्षात राहतो.

आपल्या ऑनलाइन पानावरचे फोटो वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, तपासावेत. प्रत्येक फोटोखाली महिना लिहावा. जो रस्ता खचला आहे, जे झाड तोडले गेले आहे, जो धबधबा केवळ ऑगस्टमध्ये असतो, त्यांचे फोटो तसेच राहू दिले तर वर सांगितलेला सविस्तर संदेशही उपयोगी पडत नाही, कारण पाहुणा मजकूर नंतर वाचतो आणि फोटो आधी पाहतो.